वूल्सथॉर्पचे दिवस

सन १६६५ चा उन्हाळा इंग्लंडला फार कठीण गेला. लंडन शहरात प्लेगची साथ उद्भवली आणि पाहता पाहता तिने उग्र रूप धारण केले. ज्या घरात रोगी आढळे, त्या घराचे दार बंद करून त्यावर तांबडी फुली काढीत व पुढे पहारेकरी उभा करीत. घरातील निरोगी माणसेही रोग्याबरोबर आत कोंडली जात. सप्टेंबरातील एका आठवड्यात तर लंडनमध्ये सात हजारांहून अधिक माणसे प्लेगने दगावल्याची नोंद आहे. या रोगाचे कारण त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचा जंतू सापडला तो पुढे १८९४ साली. गर्दी टाळावी आणि दूर निघून जावे, एवढाच उपाय लोकांच्या हाती होता.

साथीच्या भीतीने केंब्रिज विद्यापीठही ओस पडले. तेथील ट्रिनिटी महाविद्यालयात आयझॅक न्यूटन नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याच वर्षी त्याने पदवी मिळवली होती. प्रारंभीची काही वर्षे श्रीमंत विद्यार्थ्यांची कामे करून त्याने आपल्या शिक्षणाचा खर्च भागवला होता. आता कोठे अभ्यासाला रंग चढत होता, तोच महाविद्यालयाची दारे बंद झाली. तो लिंकनशायर परगण्यातील वूल्सथॉर्प या आपल्या खेड्यात परतला.

घर म्हणजे शेतकऱ्याचे घर. आयझॅकच्या जन्मापूर्वीच त्याचे वडील वारले होते. मुलाने शिकत बसण्यापेक्षा शेती सांभाळावी, अशी आईची पूर्वी इच्छा होती. शाळेतून काढून तिने त्याला शेतावर घातलेही होते. परंतु त्याचे मन तेथे रमले नाही. आता पुन्हा तेच घर, तेच शेत आणि त्याच मेंढ्या! विद्यापीठ केव्हा उघडेल, हे कोणी सांगू शकत नव्हते. शेजारी ना गुरू, ना मोठे ग्रंथालय. अशा वेळी एखादा तरुण खचून गेला असता, तर त्याला दोष कोण देणार?

पण आयझॅकने मनातील प्रश्न केंब्रिजला ठेवले नव्हते. ते त्याच्यासोबतच आले होते. त्याच्याजवळ सावत्र वडिलांची एक जाडजूड वही होती. तिची बहुतेक पाने कोरीच राहिली होती. कागद महाग असण्याच्या त्या काळात ही वही म्हणजे मोठेच धन. त्या पानांवर त्याची गणिते उतरू लागली. वक्ररेषेने वेढलेले क्षेत्रफळ कसे काढावे, या प्रश्नाने त्याला झपाटले होते. त्या उन्हाळ्यात अशा एका क्षेत्रफळाचे उत्तर त्याने बावन्न अंकांपर्यंत हाताने काढले. एवढ्या अंकांची व्यवहारात कोणाला गरज होती? कोणालाच नव्हती. आपली रीत खरी आहे, याचा आनंदच त्याला पुढे पुढे नेत होता. त्यातूनच पुढे कलनशास्त्र आकाराला आले.

याच दोन वर्षांत त्याने प्रकाशाचे प्रयोग केले. अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या झडपेला लहानसे छिद्र पाडून त्याने आत येणारा सूर्यकिरण काचेच्या लोलकातून जाऊ दिला. बावीस फुटांवरच्या भिंतीवर रंगीत पट्टा उमटला. तो गोल असावयास हवा होता. पण रुंदीच्या सुमारे पाचपट लांब होता. पाहणारा दुसरा कोणी रंगांवर भाळला असता. न्यूटन मात्र लांबीपाशी थांबला आणि असे का व्हावे, हे शोधू लागला. पांढरा प्रकाश निरनिराळ्या रंगांचा बनलेला आहे, हे सत्य त्या शोधातून हाती आले.

झाडावरून पडणाऱ्या सफरचंदाची गोष्टही याच दिवसांतील. ते त्याच्या डोक्यावर पडले, ही मागाहून जोडलेली भर होय. सफरचंदाला खाली ओढणारी शक्ती चंद्रापर्यंतही पोहोचत असेल काय, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने आकडेमोड करून पाहिली. उत्तर जवळपास जुळले; पुरते जुळले नाही. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १६८७ साली, म्हणजे वीस वर्षांनंतर.

मध्यंतरी मार्च १६६६ मध्ये साथ ओसरलीसे वाटून तो केंब्रिजला गेला. पण रोग पुन्हा बळावल्यामुळे जूनमध्ये त्याला परतावे लागले. अखेर एप्रिल १६६७ मध्ये तो पुन्हा विद्यापीठात रुजू झाला आणि १६६९ साली तेथेच गणिताचा प्राध्यापक झाला.

संकटामुळे न्यूटन मोठा झाला, असे मात्र समजू नये. त्याची तयारी साथीपूर्वीच सुरू झाली होती आणि पुढेही अनेक वर्षे चालू राहिली. शिवाय त्याच्या घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती.

२५ मार्च २०२० पासून कोरोनाच्या साथीमुळे भारतात टाळेबंदी लागू झाली, तेव्हा महाराष्ट्रातील लक्षावधी विद्यार्थी असेच घरी बसले. सर्वांची स्थिती सारखी नव्हती. कोणाच्या घरी तीन भावंडांत एकच मोबाईल होता. कोणाच्या वडिलांची मजुरी बुडाली होती. कोणाच्या घरातले माणूसच गेले होते. दुःखाने व्याकूळ झालेल्याने त्या दिवसांत ग्रंथ लिहिला नाही, म्हणून त्याला कोण नावे ठेवील? कोणी आजीला औषध वेळेवर दिले, कोणी धाकट्या बहिणीला भागाकार शिकवला, कोणी शेजारच्या वृद्धांना भाजी आणून दिली. तेही मन शाबूत ठेवण्याचेच मार्ग होते.

मन प्रसन्न ठेवणे म्हणजे दुःख नाकारणे नव्हे. दार बंद असतानाही एखादा प्रश्न, एखादे काम, एखादे माणूस मनाशी घट्ट धरून ठेवणे, हाच त्याचा अर्थ. वूल्सथॉर्पच्या विद्यार्थ्याजवळ एक कोरी वही होती. तिची पाने त्याने कोरी राहू दिली नाहीत.

स्वाध्याय

१. वूल्सथॉर्पला परतल्यावर न्यूटनपुढे कोणत्या अडचणी होत्या?
२. भिंतीवरील पट्ट्यात न्यूटनला कोणती गोष्ट नवलाची वाटली? त्यातून कोणते सत्य हाती आले?
३. ‘संकटामुळे न्यूटन मोठा झाला, असे समजू नये.’ असे का म्हटले आहे?
४. टाळेबंदीच्या काळात तुमच्या घरातील मोठ्यांनी मन कसे रमवले, ते त्यांना विचारून दहा ओळींत लिहा.