कुलूपवाल्याला पहिला प्रश्न कोणता विचारावा?



आजचा धडा पुस्तकातला नाही, आमच्या सोसायटीच्या दारातला आहे. पण शाळेलाही तो तितकाच लागू पडतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही वर्गणी काढून खालच्या मुख्य दाराला बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप बसवलं. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीचा माणूस आला आणि एका दुपारी काम उरकून गेला. आत यायला बोट, बाहेर जायलाही बोट. महिन्याभरातच एका संध्याकाळी लाइट गेली आणि दार बंदच राहिलं. आत शिकवणीला निघालेली दोन मुलं, एक आजी आणि मी. बॅटरी होती म्हणे, पण ती कधीच चार्ज झाली नव्हती. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "उद्या माणूस पाठवतो."

शेवटी बाहेरच्या शेजाऱ्यांनी बाजारातल्या चावीवाल्या काकांना स्कूटरवर बसवून आणलं. काकांनी बाहेरचा डबा उघडला, त्याच स्कूटरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून दोन वायरी जोडल्या, डब्यात दिवा लागला, कोणीतरी बोट टेकवलं आणि दार उघडलं. मग काका मला म्हणाले, "बाई, आत येणाऱ्याला अडवा. बाहेर जाणाऱ्याला कशाला अडवता?"

मंडळी, आजचा सगळा धडा या वाक्यात आहे.

दोन प्रकारची कुलपं

विजेवर चालणारी कुलपं मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार वीज गेली की आपोआप उघडतो. याला फेल-सेफ म्हणतात. चुंबकीय कुलूप या प्रकारातलं. दाराच्या चौकटीला विद्युतचुंबक आणि दाराला लोखंडी पट्टी. वीज चालू तोवर पट्टी चिकटून राहते. नेहमीच्या वापरातलं असं कुलूप साधारण २७० किलोचा ओढा सहन करतं. वीज बंद झाली की चुंबकत्व संपतं आणि दार मोकळं होतं. खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून, सेल जोडून आपण वर्गात टाचण्या उचलतो ना, अगदी तेच तत्त्व.

दुसरा प्रकार वीज गेली तरी बंदच राहतो. त्याला फेल-सिक्युअर म्हणतात. तिजोरीच्या किंवा सामानाच्या खोलीला तो ठीक. माणसांच्या वाटेवर तो बसवायचा असेल तर आतून साधं हँडल फिरवून दार उघडलंच पाहिजे. आमच्याकडे हा दुसरा प्रकार होता, आणि हँडल नव्हतं.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आग लागली आणि ५९ माणसं गेली. बाल्कनीतून बाहेर पडण्याच्या वाटा जास्तीच्या खुर्च्यांनी आणि बंद दारांनी अडलेल्या होत्या. म्हणून पहिला प्रश्न हाच : "वीज गेली किंवा आग लागली, तर आतलं लहान मूल हे दार एकट्याने उघडू शकेल का?" या प्रश्नावर जो कारागीर अडखळतो, त्याला काम देऊ नये.

माणूस कसा शोधावा?

या कामाला दोन विद्या लागतात : दार-चौकट-बिजागरी यांची आणि वायरिंगची. नुसता इलेक्ट्रिशियन दार वाकडं बसवतो, नुसता चावीवाला वायर चुकवतो. म्हणून दोन्ही जाणणारा, नाहीतर जोडीने काम करणारा गाठावा. मी आता हे करते :

१. जवळच्या सोसायटीत, शाळेत किंवा दवाखान्यात त्याने केलेलं जुनं काम बघून यायचं. वर्ष झालं तरी नीट चालतंय का, ते वॉचमनला विचारायचं. तो खरं सांगतो.

२. त्याचं दुकान कुठे आहे ते पाहायचं. रात्री दार अडकलं तर अर्ध्या तासात पोहोचेल इतकं जवळ हवं. ओळखपत्र बघायचं, पक्कं बिल घ्यायचं.

३. दोघांकडून लेखी दरपत्रक घ्यायचं. त्यात कुलूप, बॅटरी, आतलं बाहेर जायचं बटण, साधी चावी आणि वर्षभराची देखभाल वेगवेगळी लिहून हवी.

४. नियंत्रणाचा डबा दाराच्या आतल्या बाजूला बसवायला सांगायचं. काकांनी बाहेरून वायर जोडली, तशी चोरही जोडू शकतो.

५. मुख्य पासवर्ड सोसायटीच्या किंवा शाळेच्या ताब्यात घ्यायचा आणि त्याच दिवशी बदलायचा.

६. पैसे देण्याआधी मेन स्विच बंद करून दार उघडून बघायचं. हीच खरी परीक्षा.

शाळेसाठी दोन गोष्टी

लहान मुलांच्या बोटांवरच्या रेषा बारीक असतात, कष्टाचं काम करणाऱ्यांच्या झिजलेल्या. मशीन दोघांनाही पुन्हा पुन्हा नाकारतं. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. मुलांचे ठसे घेण्यापेक्षा फाटकावर ओळखीच्या मावशी बऱ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्गात घेण्यासाठी

चार अंकी पिनचे प्रकार किती? १० × १० × १० × १० = १०,०००. पण चारच बटणं झिजलेली दिसत असतील तर? पिनचे चार अंक कळले, फक्त क्रम उरला : ४ × ३ × २ × १ = २४. म्हणून पिन मधूनमधून बदलायचा. माझ्या वर्गातल्या मुलांनी हे चोवीस क्रम फळ्यावर स्वतः लिहून काढले.

दुसरं गणित : बॅटरी ७ अँपिअर-तासांची, कुलूप अर्धा अँपिअर घेतं, तर ते किती तास चालेल? ७ ÷ ०.५ = १४ तास. प्रत्यक्षात कमी, कारण मशीनलाही वीज लागते आणि बॅटरी जुनी होत जाते.

आमचं दार काकांनीच त्यांच्या वायरमन पुतण्याला घेऊन दुरुस्त केलं. आता आत हिरवं बटण आहे, त्याच्या शेजारी हँडल आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मेन स्विच बंद करून बघतो. बटण कोण दाबणार यावरून मुलांची भांडणं होतात. होऊ देत. सगळ्यांना दार उघडता येतं, हे महत्त्वाचं.

तुमच्या शाळेचं दार आतून कसं उघडतं, हे उद्या जाऊन एकदा जरूर बघा.