अंतकाळ, नामस्मरण आणि वेदनाशमन : ज्ञानेश्वरीच्या आठव्या अध्यायाचा आधार

मुळशी तालुक्यातील अनेक घरांत तुळशीची माळ, हरिपाठ आणि पंढरीची वारी यांचे स्थान आजही टिकून आहे. त्यामुळे असाध्य व्याधीने ग्रासलेला रुग्ण अखेरच्या टप्प्यात दाखल होतो, तेव्हा नातेवाइकांकडून एक विनंती वारंवार केली जाते : "गुंगीचे औषध नको, शेवटी मुखी नाम आले पाहिजे." रुग्ण वेदनेने तळमळत असतो आणि मुले मॉर्फिनला नकार देतात. हा नकार निष्ठुरपणाचा नव्हे. वडिलांची गती बिघडू नये, या काळजीचा आहे.

योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने सुरुवातीस येणारी सुस्ती बहुधा काही दिवसांत ओसरते, असे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु शंका श्रद्धेतून आलेली असल्याने केवळ मात्रेच्या माहितीने तिचे समाधान होत नाही. उत्तरही श्रद्धेच्या ग्रंथातूनच मिळावयास हवे, आणि सुदैवाने ते मिळते.

गीतेच्या आठव्या अध्यायातील पाचव्या व सहाव्या श्लोकांत अंतकाळच्या स्मरणाचे महत्त्व सांगितले आहे. लोकांच्या मनात एवढाच भाग राहतो. तथापि सहाव्याच श्लोकात, जन्मभर ज्याचा ध्यास घेतला तोच भाव अंती उभा राहतो, असा खुलासा आहे. आणि सातव्यात सर्वकाळ स्मरण करण्याचा उपदेश आहे. म्हणजे परीक्षा शेवटच्या श्वासाची नसून आयुष्यभराच्या सवयीची आहे.

ज्ञानेश्वर महाराजांनी शके 1212 मध्ये (इ. स. 1290) रचलेल्या भावार्थदीपिकेत नेमकी हीच शंका विचारात घेतली आहे. देह विकल झाला आणि स्मरण साधले नाही, तर भक्ताचे काय? तेथे भगवंताचे उत्तर असे आहे की, भक्ताने केलेल्या सेवेचे ऋण माझ्यावर आहे. ते फेडण्यासाठी त्याच्या देहत्यागाच्या वेळी मीच त्याची परिचर्या करतो आणि देहाच्या विकलतेचा वारा त्याला लागू देत नाही. आम्ही जमाखर्चाच्या वह्यांत वावरणारी माणसे; देवाने स्वतःला ऋणको म्हणवून घ्यावे, हे वाचून दर वेळी थबकतो. शिवाय 'परिचर्या' हा तर आमच्या परिचारिकांच्या नित्याच्या कामाचाच शब्द आहे. वेदना शमविणारा हात या ओव्यांच्या विरोधात नाही, असे आम्ही कुटुंबीयांना सांगतो. पुष्कळांना ते पटते. काहींना पटत नाही, आणि त्यांच्यावर आम्ही आग्रह धरीत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची इच्छा प्रथम विचारली जाते.

कोणता ग्रंथ वाचावा, यालाही महत्त्व आहे. गरुडपुराण हे परंपरेने मृत्यूनंतरच्या दिवसांत वाचले जाते. त्यातील यमयातनांची वर्णने रुग्णाच्या उशाशी वाचू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोंडपाठ हरिपाठ मंद स्वरात म्हणावा. बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशील, मुस्लिम कुटुंबांत सूरह यासीन, ख्रिस्ती कुटुंबांत तेविसावे स्तोत्र यांचा आधार घेतला जातो. त्यांनाही तेवढीच मोकळीक आहे.

डेम सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी एकत्रित असते, हे त्यांनी मांडले. पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र 1997 पासून अशा रुग्णांची सेवा करीत आहे.

रुग्ण प्रतिसाद देईनासा झाला की घरची मंडळी बोलणे थांबवितात. कॅनडात 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अखेरच्या तासांतील प्रतिसादहीन रुग्णांपैकी काहींच्या मेंदूने ध्वनीला दाद दिल्याचे आढळले. शब्दांचा अर्थ त्यांना कळत होता की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. तरीही रुग्णाने वर्षानुवर्षे म्हटलेले अभंग त्याच्या कानाशी, घरच्याच माणसाच्या आवाजात, म्हणत राहावेत. पाठ येत नसल्यास परिचारिकेकडे हरिपाठाची प्रत मागावी. रात्रीच्या पाळीतही ती मिळते.