चंदगडचं पाणी, दोन समुद्र

१. समुद्राशी नातं सांगायला किनाऱ्यावरच घर असावं लागत नाही. आमच्या चंदगड तालुक्यात तिलारीच्या बाजूला पडलेला पाऊस घाट उतरतो, गोव्यात शापोरा होतो आणि अरबी समुद्राला मिळतो. ताम्रपर्णीत पडलेला पाऊस घटप्रभा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराकडं निघतो. एवढ्या भांडवलावर मी प्लवकांबद्दल, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांबद्दल, बोलणार आहे.

२. नुसत्या उन्हानं समुद्र पिकत नाही. उत्तर अटलांटिकातली प्लवकं वसंतातल्या उन्हाची वाट बघतात. आपल्याकडं ऊन बारमाही. अडतं ते नायट्रेट, फॉस्फेटपाशी. उजेडातलं खत प्लवकं फस्त करतात, मेली की खाली जातात आणि खत अंधारात साठून राहतं. रोपलावणीआधी आम्ही चिखलणी करतो, तसं पाणी कुणीतरी ढवळायला हवं.

३. पावसाळ्यात ते काम वारा करतो. नैऋत्य वारे सोमालिया, ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी बाहेर लोटतात आणि खालचं गार पाणी वर येतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही हे होतं, दक्षिणेकडून सुरू होत. डायटम नावाची प्लवकं माजतात, त्यांवर तारली पोसते. जून-जुलैत मासेमारी बंद असताना सुकटीवर भागवताना हे सगळं मला माहीत असतं. जेवणात त्यानं फरक पडत नाही.

४. हिवाळ्याकडून मला काहीच अपेक्षा नव्हती. आम्ही शेकोट्या पेटवतो त्या दिवसांत उत्तर अरबी समुद्रावर कोरडं, गार वारं सुटतं. वरचं पाणी थंड होतं, बाष्पीभवनानं आणखी खारट होतं आणि जड होऊन बुडतं. ही उलथापालथ १०० मीटरच्या आसपास पोचते, खत वर येतं. मग तिथं नॉक्टिल्युका माजते: जीव एका पेशीचा, पण पोटात हिरवं शेवाळ सांभाळून शिवाय डायटमही खाणारा. तिच्या किनाऱ्यावरच्या जातभाईंचा उजेड मी शिरोड्याच्या वेळागरला पाहिला. लाट फुटली की निळी रेघ. ओल्या वाळूत टाच घासली की टाचेभोवती ठिणग्या. मी बराच वेळ टाचा घासत बसलो, वयाला न शोभेसा.

५. पाऊस जास्त तर पीक जास्त, हा आमचा हिशेब समुद्रात चालत नाही. उपसागरावर नद्यांचं गोडं पाणी हलकं म्हणून वरच पसरतं, वाऱ्याला ते फोडता येत नाही आणि खत खाली अडकतं. म्हणून प्लवकांच्या बाबतीत उपसागर अरबी समुद्रापुढं फिका. गोव्याजवळही पावसाळ्याअखेर गोड्या पाण्याचा पातळ थर वर असतो आणि खाली प्लवकं कुजून प्राणवायू जवळजवळ संपतो; दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली हे जगापुढं मांडलं. उपसागरावरच्या गोड्या थरात ताम्रपर्णीचा वाटा किती, ते मात्र विचारू नका. कृष्णेचं बरंचसं पाणी समुद्र दिसायच्या आधीच धरणांत अडून उसाला आणि भाताला जातं.