प्रथमच तरुणांचा वर्ग घेताना
(शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७)

मंडळीतील तरुणांचा वर्ग प्रथमच हाती घेणाऱ्या बंधुभगिनींना एक भीती हमखास वाटते : ‘मला उत्तर देता आले नाही तर?’ त्या भीतीपोटी आपण भरपूर टिपणे काढतो आणि पाऊण तास अखंड बोलत राहतो. मीही तेच केले. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेवर बोलताना, ‘मान’ यासाठी असलेल्या मूळ इब्री शब्दात ‘वजन’ ही कल्पना कशी आहे, हे मी रंगून सांगत होतो. मध्येच एका तरुणाने विचारले, “वडील रोज दारू पिऊन येत असतील तर?” मी म्हणालो, “तो आजचा विषय नाही.” त्यानंतर तो वर्गाला कधीच आला नाही.

प्रभू येशूची रीत याहून वेगळी होती. सार्वकालिक जीवनाविषयी विचारणाऱ्या शास्त्र्याला त्याने व्याख्यान दिले नाही. त्या संवादातून आपल्याला चार गोष्टी शिकता येतात.

१. प्रथम वचनाकडे न्या. नियमशास्त्रात काय लिहिले आहे आणि तू ते कसे वाचतोस, असे प्रभूने विचारले (व. २६). पहिला प्रश्न मजकुराचा आहे, दुसरा आकलनाचा. आपणही याच क्रमाने विचारावे. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या पुष्कळ मुलांना मराठी वाचन अडखळत येते. त्यांना अचानक मोठ्याने वाचायला सांगू नये. उतारा आदल्या आठवड्यात द्यावा.

२. बरोबर उत्तराची दखल घ्या. शास्त्र्याचा हेतू परीक्षा पाहण्याचा होता, तरी त्याचे उत्तर योग्य असल्याचे प्रभूने मान्य केले (व. २८).

३. थांबा. गोष्ट सांगून झाल्यावर निष्कर्ष प्रभूने काढला नाही, तो शास्त्र्याकडून काढवून घेतला (व. ३६-३७). अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना १९७०च्या दशकातील संशोधनात असे आढळले की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सुमारे एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद वा अधिक थांबल्यास उत्तरे अधिक विस्तृत व विचारपूर्वक येतात. म्हणून वर्गातील शांततेला भिऊ नका.

४. प्रश्न आचरणापर्यंत न्या. ‘माझा शेजारी कोण?’ असे शास्त्र्याने विचारले होते. प्रभूने विचारले, तिघांपैकी शेजारी कोण झाला? मूळ ग्रीकमध्येही ‘होणे’ हेच क्रियापद आहे. चर्चेचा शेवट कृतीच्या आज्ञेत झाला. आपल्याही वर्गाच्या अखेरीस प्रत्येकाने या आठवड्यात करावयाची एक लहान गोष्ट ठरवावी.

तयारी करताना मजकुराचे दोन, अर्थाचे दोन आणि आचरणाचा एक, असे पाच प्रश्न लिहून काढा. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा आणि पुढील रविवारी ते शोधून आणा. एखाद्याच्या प्रश्नामागे घरचे दुःख दिसले तर चारचौघांत खोदून विचारू नका. वर्ग संपल्यावर त्याच्याजवळ बसा. त्याने सांगितलेले इतरत्र बोलू नका. मात्र घरी मारहाण किंवा जिवाला धोका असल्यास त्याला विश्वासात घेऊन जबाबदार वडीलधाऱ्यांची मदत घ्या.

त्या तरुणाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मी आजही देऊ शकेन असे नाही. परंतु टिपणवही मिटून त्याचे ऐकून घेणे मला त्याही दिवशी शक्य होते. याजक आणि लेवी यांच्याप्रमाणे मी बाजूने निघून गेलो. तुमच्या वर्गात असा प्रश्न येईल, तेव्हा थांबण्याची कृपा प्रभू तुम्हांला देवो.