फी भरण्याआधी सेटअप करा

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले, की नांदेड-लातूरकडच्या घरांत तेच प्रश्न सुरू होतात. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळेल का? नाही मिळालं तर बीसीए करावं की बीएस्सी? लॅपटॉप केवढ्याचा घ्यावा? पुण्याला ‘फुल स्टॅक’चा क्लास लावला तर नोकरी नक्की का? यामागे कुणाचे सोयाबीनचे पैसे असतात, कुणाचं शैक्षणिक कर्ज असतं. म्हणूनच माझं पालकांना सांगणं असतं, की यांतला एकही रुपया खर्च करण्याआधी मुलाला किंवा मुलीला एक काम करू द्या. घरात किंवा शेजारी मिळेल त्या कॉम्प्युटरवर वेब ॲप्लिकेशन बनवण्याचा सगळा सेटअप त्याने स्वतः करावा, त्यात एक छोटं ॲप बनवावं आणि ते बिघडलं की स्वतःच दुरुस्त करावं. तीन-चार आठवडे पुरतात. या क्षेत्रात मूल रमेल की नाही, याचा अंदाज कुठल्याही कल चाचणीपेक्षा या आठवड्यांत चांगला येतो.

वेब ॲप्लिकेशन तुम्ही रोज वापरता. प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म ज्या पोर्टलवर भरता, तेही वेब ॲप्लिकेशनच. त्याचे ढोबळ तीन भाग असतात. तुमच्या ब्राउझरमध्ये दिसणारं पान, पलीकडे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम आणि माहिती साठवणारा डेटाबेस. कंपनीत हे भाग वेगवेगळ्या मशीनवर असतात. शिकताना तिन्ही एकाच लॅपटॉपवर चालवता येतात आणि त्या लॅपटॉपलाच ‘लोकलहोस्ट’ या पत्त्याने हाक मारता येते. इंटरनेट बंद असलं तरी हे ॲप चालतं, हे पहिल्यांदा पाहिल्यावर मुलांना फार नवल वाटतं.

लागणारी सगळी साधनं फुकट आहेत. कोड लिहायला मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड घ्यावा; तो विंडोजवर चालतो, लिनक्सवरही चालतो. ब्राउझर म्हणून क्रोम किंवा फायरफॉक्स. सर्व्हरसाठी दोन वाटांपैकी एकच निवडावी. पॉलिटेक्निकच्या अभ्यासक्रमात पीएचपी येते, म्हणून डिप्लोमाच्या मुलांना झॅम्प सोयीचं. त्यात अपाचे सर्व्हर आणि मारियाडीबी डेटाबेस एकत्र मिळतात. बाकीच्यांनी नोड घ्यावं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे जावास्क्रिप्ट ही एकच भाषा पुरते. शिवाय गिट हवं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं हे साधन कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवतं, त्यामुळे काल चालणारी प्रत आज परत मिळते. यूट्यूबवर पाहून दहा गोष्टी एकदम इन्स्टॉल करू नयेत. मग काय कशामुळे बिघडलं, ते कळत नाही.

बिघडणार हे मात्र धरून चाला. नोड इन्स्टॉल झालं, तरी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) म्हणतं की अशी आज्ञा मला माहीत नाही. बऱ्याचदा कारण एवढंच असतं, की टर्मिनल आधीपासून उघडं होतं आणि प्रोग्राम कुठे आहेत ते सांगणारी ‘पाथ’ची नवी यादी त्याने वाचलेलीच नाही. ते बंद करून पुन्हा उघडलं की काम होतं. झॅम्पमधला अपाचे सुरूच होत नाही, कारण ८० क्रमांकाच्या पोर्टवर दुसराच प्रोग्राम बसलेला असतो. मग अपाचेला ८०८० द्यावा लागतो आणि पत्त्यातही तो लिहावा लागतो. पीएचपीची फाइल माउसने डबल क्लिक केली, की पान दिसण्याऐवजी कोडच समोर येतो. फाइल झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवून लोकलहोस्टच्या पत्त्यावरूनच उघडावी लागते, कारण पीएचपी ब्राउझरला कळत नाही, ती सर्व्हरला कळते. यातल्या एकेका अडचणीत संध्याकाळ जाते. आई-बापाला वाटतं, पोरगं नुसतं स्क्रीनकडे बघत बसलंय. पण पत्ता, पोर्ट, सर्व्हर, ब्राउझर या शब्दांचे अर्थ त्याच संध्याकाळी पक्के होतात. व्याख्या पाठ करून ते तसे होत नाहीत.

इथे आपल्या भागाची एक अडचण मोकळेपणाने बोलायला हवी. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळात आकाराला आलेल्या लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना मोठा आत्मविश्वास दिला. तासन्‌तास बैठक, सराव परीक्षा, चुकलेला प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवणं ही शिस्त आज नीट परीक्षेच्या तयारीच्या रूपाने लातूर आणि नांदेड दोन्हीकडे दिसते आणि प्रोग्रामिंगलाही ती उपयोगी पडते. कमी पडतं ते वेगळंच. परीक्षेत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं, शेवटी आन्सर की मिळते. बिघडलेल्या ॲपला आन्सर की नसते. बारावीपर्यंत पहिल्या पाचात असलेली मुलं इथे पहिल्याच आठवड्यात घाबरतात, आपल्याला जमत नाही असं समजून मागे सरतात. त्यांना जमत असतं. उत्तर माहीत नसताना शांतपणे शोधत राहायची सवय तेवढी लागलेली नसते, आणि ती लागते.

ती कशी लागते, ते घरच्याच उदाहरणाने सांगतो. लातूरच्या बाजार समितीत तूर विकली की शेतकऱ्याला हिशेबाची पट्टी मिळते. मुलीला म्हणावं, बाबांच्या पट्टीचं ॲप बनव. वजन, भाव, हमाली, तोलाई टाकली की हातात येणारी रक्कम दिसली पाहिजे. समजा तुरीचे दोन ढीग आहेत, एक १२ क्विंटलचा, दुसरा ८ क्विंटलचा, आणि भाव धरला क्विंटलला ७,००० रुपये. हमाली-तोलाई वजा करण्याआधी उत्तर यायला हवं १,४०,०००. ॲप दाखवतं ८,९६,०००. कोड दहा वेळा वाचला तरी चूक दिसत नाही. एकच ढीग टाकला तर हिशेब अगदी बरोबर येतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

आता डीबगर वापरायचा. क्रोममध्ये एफ-१२ दाबलं की डेव्हलपर टूल्स उघडतात. त्यातल्या ‘सोर्सेस’मध्ये बेरजेच्या ओळीच्या क्रमांकावर क्लिक केलं, की तिथे ब्रेकपॉइंट लागतो. पुन्हा हिशेब करायला लावला की प्रोग्राम त्या ओळीपाशी थांबतो आणि त्या क्षणी प्रत्येक नावात काय किंमत आहे, ते दाखवतो. तिथे दिसतं, की १२ आणि ८ दोन्ही अवतरणचिन्हांत आहेत. म्हणजे जावास्क्रिप्टच्या लेखी ते आकडे नाहीत, मजकूर आहे. फॉर्मच्या चौकटीतून आलेली प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच येते. मजकुरात अधिकचं चिन्ह म्हणजे जोडणी, म्हणून १२ आणि ८ मिळून झाले १२८. गुणाकाराच्या वेळी मात्र जावास्क्रिप्ट मजकुराचा आकडा आपणहून करून घेते, म्हणून एका ढिगाचा हिशेब बरोबर येत होता. बेरजेआधी दोन्हींचं आकड्यात रूपांतर केलं की प्रश्न मिटला.

मिटला असं वाटतं. मग बाबा मोबाइलवरून साध्या मजकुराच्या चौकटीत देवनागरीत ७००० टाइप करतात आणि स्क्रीनवर ‘नॅन’ येतं, म्हणजे हा आकडाच नव्हे. जावास्क्रिप्टचं साधं रूपांतर देवनागरी अंक ओळखत नाही. ते आधी बदलून घेण्याचा कोड आपणच लिहायचा असतो. पुढे डेटाबेसमध्ये ‘लातूर’ साठवलं आणि परत वाचलं, तर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये देवनागरी मावेल अशी यूटीएफ-८ एमबी-४ ही अक्षररचना २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून मूळ ठरली. त्याआधी मूळ रचना लॅटिन होती आणि जुने धडे पाहून तयार केलेल्या टेबलांत ती अजून सापडते. प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील, तर मूळ अक्षरं गेली. गिचमिड परदेशी अक्षरं दिसत असतील, तर बहुधा माहिती शाबूत असते आणि ती चुकीच्या रचनेत वाचली जात असते. हा फरक ज्या मुलीला कळला, ती मराठी माणसांसाठी सॉफ्टवेअर बनवायला लागली आहे, असं मी खुशाल म्हणेन.

डेव्हलपर टूल्समधला ‘नेटवर्क’ हा आणखी एक विभाग शिकावा. पानाने सर्व्हरकडे काय मागितलं आणि काय परत आलं, ते तिथे ओळीने दिसतं. ४०४ आला तर मागितलेला पत्ता चुकला, ५०० आला तर सर्व्हरवरचा कोड पडला. चूक कोणत्या भागात शोधायची, ते एवढ्याने ठरतं. ॲप पहिल्यांदा खऱ्या सर्व्हरवर चढवलं की रंग आणि चित्रं गायब होतात, त्याचंही उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. फाइलच्या नावातलं मोठं-लहान इंग्रजी अक्षर विंडोजला एकच वाटतं, लिनक्स सर्व्हरला नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलांना एरर मेसेजच्या इंग्रजीची भीती वाटते. लाल अक्षरं दिसली की ती न वाचताच पान बंद करतात. त्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात: कोणती फाइल, कितवी ओळ आणि काय झालं. शब्दही तेच तेच येतात. नॉट फाउंड, अनडिफाइन्ड, रिफ्यूज्ड, डिनाइड, एक्स्पेक्टेड. त्यासाठी एक वही करावी. तारीख, मेसेज जसाच्या तसा, कारण काय निघालं, कशाने सुटलं. संध्याकाळी आईने किंवा बाबांनी विचारावं, आज काय अडलं होतं? तांत्रिक कळलं नाही तरी चालतं. मुलाला ते मराठीत समजावून सांगता आलं, तर त्याला ते कळलं आहे. मराठीतून शिकायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स, पीएचपी आणि मायएसक्यूएलचे मराठी धडे विनामूल्य आहेत.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. वेबच्या कामाला गेमिंगचं ग्राफिक कार्ड लागत नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप पदवीची पहिली वर्षं आरामात चालतो. जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि त्यावर लिनक्स मिंट टाकलं, तर ४ जीबीवरही शिकता येतं. डेस्कटॉप असेल तर वीज जाण्याची काळजी घ्या. मधेच लाइट गेली की झॅम्पचा डेटाबेस पुन्हा उघडत नाही, असा अनुभव बऱ्याच मुलांना येतो. डेटाबेसची प्रत वेगळी काढून ठेवावी आणि कोड रोज गिटने गिटहब या संकेतस्थळावर पाठवावा.

एआय आता कोड लिहून देतं, मग हे कशाला, असं पालक विचारतात. मला तर आता हे जास्तच गरजेचं वाटतं. एआयने दिलेला दोनशे ओळींचा कोड ८,९६,००० दाखवू लागला, तर ते उत्तर चुकलंय हे ओळखणारा आणि कुठे चुकलं ते दाखवणारा माणूस हवाच. पहिला महिना तरी एआयकडून कोड घेऊ नये. एररचा अर्थ विचारावा, दुरुस्ती स्वतः करावी.

प्रवेशाच्या वाटा आपल्याकडे पुष्कळ आहेत. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, एमजीएमचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लातूरला बिडवे अभियांत्रिकी आणि पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि हाताने काम करायची आवड असलेल्या मुलांना मी ती वाट आवर्जून सुचवतो. बीसीएसाठी २०२४ पासून वेगळी सीईटी आहे, ती चुकवू नका. इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर सी-डॅकचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक अभ्यासक्रम आहे, त्याला सी-कॅट परीक्षा द्यावी लागते. महिना-दोन महिन्यांच्या क्लाससाठी कर्ज काढण्यापेक्षा त्या परीक्षेची तयारी केलेली बरी.

ऑप्शन फॉर्ममध्ये महाविद्यालयांचा क्रम लावण्याआधी एकदा मुलाला घेऊन तिथे जा. इमारत आणि प्लेसमेंटचे फलक बघून झाले की कँटीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोला. त्यांना म्हणा, तुमचा प्रोजेक्ट तुमच्याच लॅपटॉपवर चालवून दाखवा आणि त्यात एक छोटा बदल आमच्यासमोर करा. पट्टीच्या ॲपमध्ये जशी एखादी नवी कपात घालावी, तेवढाच. जो बदल करू लागेल आणि अडलं तर एफ-१२ दाबून शोधू लागेल, त्याला विचारा, हे तुम्ही कुणाकडून शिकलात, लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते आणि सर स्वतः कोड लिहून दाखवतात का. ही उत्तरं वहीत लिहून घ्या आणि दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारा.