हवेतलं जुनं विष मोजायचं तर बिल किती?

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर परिसरातल्या एखाद्या शेतकरी गटाला किंवा कॉलेजला कपाशी-संत्र्याच्या पट्ट्यात डीडीटी, एन्डोसल्फान ही जुनी कीटकनाशकं अजून हवेत रेंगाळतायत का हे बघायचं असेल, तर हवा ओढणारं महागडं यंत्र घेऊ नका. त्याऐवजी पॅसिव्ह सॅम्पलर लावा; त्याला ना वीज लागते, ना राखण. स्टीलची दोन वाडगी तोंडाला तोंड लावलेली, मधे १४ सेंटिमीटर व्यासाची फोमची चकती. वाडगी-दांडी गावचा वेल्डरही जुळवून देईल. चकती मात्र प्रयोगशाळेनेच धुऊन दिलेली हवी. ती चिमट्यानेच उचलायची, फॉइलमध्ये गुंडाळायची. प्लास्टिकच्या पिशवीत नाही. फवारणीचा पंप ठेवता त्या खोलीत तर मुळीच नाही.

चकती दिवसाला साधारण ४ घनमीटर हवेतलं विष टिपते, म्हणजे तीन महिन्यांत ३६० घनमीटर. हाती येते ती सरासरी. फवारणीच्या दिवशी काय झालं ते कळत नाही.

पैसे जातात ते तपासणीत. वर्षाच्या चार चकत्या, एक जोड-नमुना (त्याच जागी लावलेली दुसरी चकती), शिवाय दोन कोऱ्या चकत्या: एका ठिकाणाची सात बिलं. कोरी चकती जागेवर नेऊन लगेच परत आणायची असते. काटकसर म्हणून लोक नेमकी तीच गाळतात आणि मग सापडलेलं विष हवेतलं की हाताळणीतलं, हे कुणालाच सांगता येत नाही. दर प्रत्येक रसायन-गटाचा वेगळा असतो. डायऑक्सिनची तपासणी सगळ्यांत महाग. कचरा जाळण्याचा धूर ही गावची खरी तक्रार असेल तरच मागा.

कोटेशन घेताना प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता हवेच्या नमुन्याला आहे का विचारा. पाण्याची मान्यता इथे कामाची नाही. जीएसटी, कुरिअर आणि कोऱ्या चकत्या धरल्यात का, तेही लेखी घ्या. पहिला फोन नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला करा; अशा टिकाऊ विषांवरच्या स्टॉकहोम कराराचं प्रादेशिक केंद्र तिथेच आहे. एखाद्या विद्यापीठाच्या संशोधनात गाव बसलं, तर बिल प्रकल्पातून निघू शकतं.

२०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना ज्या औषधांनी माणसं दगावली, ती बहुतेक वेगळी होती. तसल्या विषाची भीती असेल तर ही तपासणी तुमच्या कामाची नाही. शिवाय देशाच्या हवा-मानकांतल्या १२ प्रदूषकांत डीडीटी नाही, २०११ ला बंदी आलेलं एन्डोसल्फानही नाही. त्यामुळे अहवालावर ‘पास-नापास’ येणार नाही. आकडे वाढतात की घटतात, एवढंच काही वर्षांनी दिसेल. एकाच वर्षाचे पैसे असतील आणि माझं मत विचाराल तर विहिरीचं पाणी तपासून घ्या.