लेबल तेच, चव निराळी

प्रश्न : आमच्या घराजवळच्या छोट्या रेस्तराँमध्ये ‘हाय-राय सिंगल बॅरल बर्बन’ मिळते. गेल्या हिवाळ्यात घेतली तेव्हा मिरी-लवंगेचा चांगला झणका होता. परवा तीच मागवली, तर गोडसर लागली, व्हॅनिलाच्या अंगाने जाणारी. लेबल तेच होतं. बाटलीत काही गडबड असेल का? आणि ‘हाय-राय’ म्हणजे नेमकं काय?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : गडबडीची शंका लगेच घेऊ नका. सिंगल बॅरलमध्ये, म्हणजे एकाच पिपातून भरलेल्या बर्बनमध्ये, असा फरक पडतोच, आणि माझ्या मते तिची खरी गोडी त्यातच आहे.

आधी राय. हे गव्हाच्या जातकुळीतलं धान्य. अमेरिकी कायद्यानुसार बर्बन व्हिस्कीत किमान 51 टक्के मका लागतो. उरलेल्या वाट्यात बहुतेक जण राय आणि मोड आणलेली बार्ली घालतात. मक्यामुळे गोडवा येतो, रायमुळे तिखटपणा. ‘हाय-राय’ची कायद्यात व्याख्या नाही. साधारण बर्बनमध्ये राय 10 ते 15 टक्क्यांच्या आसपास असते; ‘बुलेट’ या ब्रँडमध्ये ती 28 टक्के आहे. केंटकीतल्या फोर रोझेस डिस्टिलरीची नेहमीची सिंगल बॅरल घ्या : 60 टक्के मका, 35 टक्के राय, 5 टक्के बार्ली. तुम्हाला लागलेली मिरी-लवंग या रायची.

मग कृती तीच असताना चव का बदलली? पिपामुळे. बर्बन नव्या कोऱ्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिपातच मुरवावी लागते आणि तिच्यात वरून रंग वा स्वाद घालता येत नाही. रंग सगळा लाकडाचा, व्हॅनिलाही त्याचाच. केंटकीच्या उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आक्रसून बाहेर येते. उंच गोदामात वरच्या मजल्यावर उष्णता जास्त, तळाशी कमी. त्यामुळे एकाच दिवशी भरलेली दोन पिपंही निराळी मुरतात. हा फरक आटोक्यात राहावा म्हणून फोर रोझेसने एकमजली गोदामं बांधली. तरी प्रत्येक झाडाचं लाकूड वेगळं, त्याला काय करणार?

नेहमीच्या बर्बनमध्ये अनेक पिपं एकत्र करून चव सारखी राखली जाते. सिंगल बॅरलमध्ये ती सोय नाही. पीप सुमारे 200 लिटरचं. वर्षानुवर्षं त्यातलं बरंच उडून जातं आणि उरतं त्यात साधारण दीडशे-दोनशे बाटल्या भरतात. त्या संपल्या की त्या चवीची बाटली पुन्हा नाही. हा प्रकार बाजारात रुळवला तो 1984 साली ‘ब्लँटन्स’ या बर्बनने, डिस्टिलर एल्मर टी. ली यांच्या हातून. मिसळून सारखेपणा आणणं हेच ज्या धंद्यातलं कौशल्य, त्यात हे धाडसच होतं.

  

शंका घ्यायला एक जागा मात्र आहे. बाटली तळाशी आलेली असेल आणि कित्येक महिने उघडी असेल, तर हवेने वास मंदावतो आणि तिखटपणा आधी बोथट होतो. म्हणून पुढच्या वेळी पेग ओतण्याआधी बाटली दाखवायला सांगा. चांगल्या ठिकाणी याचं कुणाला वाईट वाटत नाही. किती भरलेली आहे ते पाहा आणि लेबलवरचा पिपाचा क्रमांक टिपून घ्या. काही रेस्तराँ अख्खं पीप स्वतः चाखून विकत घेतात; तसं असेल तर बाटलीवर वेगळी चिठ्ठी असते. पहिला घोट नुसता घ्या, मग पाण्याचे दोन-चार थेंब टाका. फोर रोझेससारखी 50 टक्के अल्कोहोलची बर्बन असेल, तर एवढ्यानेही रायचा वास मोकळा होतो. बर्फ घालायचाच तर त्यानंतर.